नऊवारीचा गाऊन

‘‘कापली का हो पैठणी?’’

दुकानाच्या दारात उभं राहून, जिना चढल्याचा दम खात, त्या बाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. नाव सांगितलं नाही, चपलाही काढल्या नाहीत. मी काउंटरवर डबा उघडून बसले होते आणि तोंडात पोळीचा घास होता. शुक्रवार होता, दुपारचा सव्वा वाजला होता. तेव्हा नाशिकला भारनियमन असायचं. बाराला गेलेली वीज तीनला यायची होती. शिलाईच्या चारही मशीन बंद होत्या, शिवणाऱ्या मुली घरी जेवायला गेल्या होत्या आणि कटिंग करणारे अन्वरमास्तर नमाजाला. कॉलेज रोडवरचं माझं ते पहिल्या मजल्यावरचं दुकान इतकं शांत एरवी कधी नसायचं.

‘‘कुठली पैठणी?’’ मी घास गिळून विचारलं.

‘‘हिरवी, नऊवारी. केतकीनं आणून दिली ती. मी तिची आई, सिंधू गायधनी.’’

पैठणी माझ्या मागच्या पडद्याआड, कापायच्या टेबलावर होती. घडी मोडलेली नव्हती. वर मास्तरांचा पांढरा खडू ठेवलेला होता. तिला अजून कात्रीचं टोकसुद्धा लागलेलं नव्हतं.

‘‘कापली,’’ मी म्हणाले.

याला आता बावीस वर्षं झाली. तोंडातून निघून गेलं, असं मी त्यातली बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. निघूनबिघून काही गेलं नाही. मी विचार करून बोलले. विचाराला वेळ फार लागत नाही, घास गिळायला लागतो तेवढा पुरतो.

केतकी गायधनी चार दिवसांपूर्वी आली होती. लग्न मे महिन्यात, नवरा मुंबईचा, आणि सासरचे लोक जुहूच्या एका हॉटेलात पार्टी देणार होते. पुरुषांना बो टाय, बायकांना गाऊन, असं पत्रिकेतच छापलेलं. केतकीनं पिशवीतून पैठणी काढली आणि टेबलावर टाकली. टाकली म्हणजे टाकलीच, कांद्याची पिशवी टाकतात तशी.

‘‘मला याचा गाऊन हवाय. खांदे उघडे, कमरेत घट्ट आणि पदराची मागे लांब ट्रेल. मला तिथे मराठीही दिसायचंय आणि त्यांच्यातलीही दिसायचंय.’’

गर्द हिरवं रेशीम, चार बोटं रुंद काठ, पदरावर मोर. जरी जुनी, खरी. जुन्या जरीला जो मंद पिवळा रंग येतो तो नव्या जरीला कितीही केलं तरी येत नाही. माझे हात शिवशिवायला लागले. वर केतकी म्हणाली की पार्टीला एका मासिकाचा फोटोग्राफर येणार आहे, त्यांच्या लग्नविशेषांकासाठी. शिवणाऱ्याचं नाव छापतात ते.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. नऊ वर्षं दुकान चालवत होते. पाटीवर मोठ्या हौसेनं ‘वैजयंती : इंडो-वेस्टर्न’ असं लिहून घेतलं होतं, पण लोक मला ‘ती ब्लाऊजवाली’ म्हणायचे. माझी नणंदसुद्धा. अस्तराचे ब्लाऊज, फॉल-पिको आणि दिवाळीला पंजाबी ड्रेस, यात मी म्हातारी होणार हे मला दिसत होतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

अडलं ते मास्तरांपाशी. जुन्या साडीला कात्री लावायची असली की मास्तर एक गोष्ट पाळायचे. साडी जिच्या लग्नातली, तिनं येऊन स्वतःच्या हातानं खडूची पहिली रेघ मारायची. मग त्या रेघेवरून ते कात्री चालवायचे. त्यांच्या वडिलांपासून हे असं होतं.

‘‘मी मारते की रेघ,’’ केतकी हसत म्हणाली. ‘‘आईला विचारूनच आणलीये. ‘ने’ म्हणाली. तिला काय करायचीये आता? गुडघे दुखतात म्हणून नऊवारी नेसणं कधीच सोडलंय तिनं.’’

‘‘साडी त्यांची आहे ना, बेटा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘त्यांना आणा. दोन मिनिटांचं काम आहे.’’

‘‘उद्या आणते,’’ म्हणून केतकी गेली, ती गेलीच. तिला खरेदी होती, मेंदी होती, पार्लर होतं. रोज फोनवर तिचं ‘उद्या’ आणि रोज मास्तरांची मान नकारार्थी. चार दिवस मी धुमसत होते.

आणि आता जिची रेघ हवी होती ती बाई आपल्या पायांनी जिना चढून आली होती, आणि मी तिला सांगितलं होतं की साडी कापली.

सिंधूताई ट्रायल घेणाऱ्यांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या. पंचावन्नच्या आसपास असतील. सुती साडी, गळ्यात साधं मंगळसूत्र, हातात औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी.

‘‘सगळी कापली?’’

‘‘सगळी.’’

‘‘पदरही?’’

‘‘पदराची तर ट्रेल होणार ना काकू. तो आधीच वेगळा करावा लागतो.’’

एकदा बोलायला लागलं की पुढचं आपोआप सुचत जातं. मी डब्याला झाकण लावलं. त्यांनी पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, ‘‘तुम्हाला सांगते, पण केतकीला कळू देऊ नका. लग्न होईपर्यंत तरी नाही. मंगळवारी माझा रिपोर्ट आलाय. पोटात आहे. डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणतात, तेही आमच्याकडे न बघता.’’

मी डबा काउंटरखाली ठेवला.

‘‘केतकीला मी ‘ने’ म्हटलं तेव्हा रिपोर्ट आलेला नव्हता. तेव्हा खरंच वाटलं, पेटीत पडून काय करायचीये. पोरगी तरी मिरवेल.’’ त्यांनी पिशवी पायाशी ठेवली. ‘‘आमच्यात सवाष्ण गेली की तिला लग्नातलं हिरवं नेसवतात. माझ्या आईला नेसवलं होतं. मी अठरा वर्षांची होते, निऱ्या मीच धरल्या होत्या. काय सुंदर दिसत होती हो! आजारपणात नुसती काडी झाली होती, पण पैठणी नेसवल्यावर परत आई झाली. तेव्हापासून माझ्या मनात होतं की आपणही असंच जायचं. यांची तब्येत ठणठणीत आहे, रोज सोमेश्वराच्या देवळापर्यंत चालत जातात. म्हणजे नंबर माझाच आधी.’’

आणि त्या चक्क हसल्या. मलाही हसायला लावलं त्यांनी.

‘‘म्हटलं, कापली नसेल तर घेऊन जावी. केतकीला सांगितलं असतं, कसर लागलेली निघाली म्हणून. येवल्याहून दुसरी आणून दिली असती तुम्हाला, अगदी अशीच हिरवी. मी बाजूला टाकलेत तेवढे पैसे.’’

अजूनही काही बिघडलं नव्हतं. ‘थांबा हं, मी बघते, मास्तरांनी कदाचित ठेवली असेल’, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. आत जायचं, साडी उचलायची, त्यांच्या मांडीवर ठेवायची. खोटेपणाही उघडा पडला नसता, सगळं मास्तरांच्या नावावर खपलं असतं. मला हे सगळं तिथल्या तिथे सुचलं होतं. पण मला येवल्याची नवी पैठणी नको होती. नवी जरी फोटोत पितळेसारखी चकाकते. मला हीच हवी होती.

म्हणून मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, ‘‘अहो काकू, चार दिवस झाले साडी येऊन. आधी कळवायचं नाही का?’’

त्या ओशाळल्या. मरायला टेकलेली बाई माझ्यासमोर ओशाळली.

‘‘चुकलंच माझं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंगळवारपासून डोकंच चालत नव्हतं. आज जरा धीर आला तशी निघाले.’’

त्या उठतील असं मला वाटलं. उठल्या नाहीत. पडद्याकडे बघत बसून राहिल्या.

‘‘चिंधी तरी उरली असेल ना?’’ त्यांनी विचारलं. ‘‘एखादा मोर? अंगावर ठेवतील तेव्हा. नाहीतर निदान ओटीत घालतील.’’

‘‘मोर नाही उरत हो. काठाचा तुकडा असेल. बघते.’’

मी पडदा सारून आत गेले आणि पुन्हा ओढून घेतला.

साडी उलगडली. डांबरगोळ्यांचा वास आला. आतल्या घडीत हळदीचा एक डाग होता, बोट टेकावं तेवढा. पदराकडचं काही द्यायचं नाही, हे मी ठरवलेलंच होतं. मोर मला सगळे हवे होते. म्हणून मी दुसरं टोक शोधलं, जे नेसताना आत खोचलं जातं आणि कुणालाच दिसत नाही. मास्तरांची मोठी कात्री घेतली.

रेशमाला कात्री लागली की सळसळ होते आणि जरीला लागली की करकर. मी हळूहळू कापत होते, आवाज होऊ नये म्हणून. पण हळू कापलं की जरी जास्तच करकरते. अर्धा काठ कापून झाल्यावर मी थांबले. बाहेर काहीच हालचाल नव्हती. रस्त्यावरची एखादी स्कूटर तेवढी ऐकू येत होती. माझ्या कपाळावर घाम आला होता आणि कात्री रेशमात तशीच उघडी होती. नऊवारीतला वीतभर तुकडा गेला म्हणून काही अडत नाही, ती नेसता आलीच असती. हे माझ्यासारख्या बाईला कुणी शिकवायला नको.

मी उरलेला काठ कापला.

तुकडा घेऊन बाहेर आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. हात मांडीवर, मान सरळ. त्यांनी तुकडा घेतला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेचा एक हिरवा धागा सुटला होता, तो त्यांनी तोडला नाही, बोटाला गुंडाळला.

‘‘सरळ कापलाय,’’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पाणी मागितलं. मी माठातलं दिलं. ते त्या अगदी सावकाश प्यायल्या. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. काही विचारायचं असल्यासारखं पाहिलं, पण विचारलं नाही. मला वाटलं, बिचारीला चालवत नसेल.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. ‘‘गाऊन चांगला शिवा. केतकीला खांद्यात नेहमी सैल होतं, तेवढं बघा. उघडे खांदे म्हणतेय, घसरायला नको चारचौघांत.’’

जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. मी वरून बघत होते. हात द्यायला काही गेले नाही.

मास्तर अडीचला आले. तोवर मी साडी पसरून, मोजून, खडूची रेघ मारून ठेवली होती.

‘‘आई येऊन गेल्या,’’ मी सांगितलं. हे खोटं नव्हतं. ‘‘त्यांना एक तुकडा आठवण म्हणून हवा होता, तो दिला.’’

‘‘रेघ त्यांनी मारली?’’

‘‘हो.’’

मास्तरांनी वाकून रेघ पाहिली. ‘‘हात चांगला आहे बाईंचा,’’ ते म्हणाले. ‘‘जराही हलला नाही.’’ मग त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि तीनच्या ठोक्याला वीज येईपर्यंत पैठणीचे सोळा तुकडे झाले.

गाऊन झाला मात्र असा की बघत राहावं. खोटं कशाला बोलू, त्याच्यासारखं मी नंतर काहीही शिवलेलं नाही. छातीवर दोन्ही काठ तिरपे मिळवले होते, कमरेखाली हिरवं रेशीम नुसतं ओतल्यासारखं खाली आलं होतं, आणि मागे दोन हात लांब पदर, मोरांसकट, हॉटेलच्या गालिच्यावरून सरपटत होता. पार्टीला मी गेले होते. केतकी जिन्यावरून उतरली तेव्हा बोलणारे लोक गप्प झाले. खांदे घसरले नाहीत. थोड्या वेळानं कुणाचा तरी बूट एका मोरावर पडला, कुणाच्या ग्लासातलं काहीतरी सांडलं. केतकीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

सिंधूताई एका कडेला खुर्चीवर होत्या. महिन्याभरात निम्म्या झाल्या होत्या. विहीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, लेकीच्या लग्नासाठी डाएट केलंय हो त्यांनी. सिंधूताईंनी मला लांबून पाहिलं आणि हात वर केला. मीही केला आणि फोटोग्राफरला शोधायला निघून गेले.

फोटो पानभर छापून आला. खाली माझं नाव. त्या पावसाळ्यात मला अकरा पैठण्यांचे गाऊन आले, पुण्याहून, औरंगाबादहून, एक तर दुबईहून. पाटी बदलली. नणंद आता माझी ओळख ‘आमची डिझायनर वहिनी’ अशी करून द्यायला लागली.

सप्टेंबरात एका सकाळी सातला फोन वाजला. केतकी होती. आधी नुसतं रडणं ऐकू आलं.

‘‘ताई, आई गेली. पहाटे. ताई, एक विचारू? त्या गाऊनची परत साडी करता येईल का? तो इथेच आहे, माहेरी ठेवलेला. अकरापर्यंत हवीये. बाबांनी मला आत्ता सांगितलं, तिला ती नेसून जायचं होतं. मला माहीतच नव्हतं हो. मला कुणी काही सांगितलंच नाही.’’

‘‘नाही गं,’’ मी म्हणाले. ‘‘सोळा तुकडे आहेत ते.’’

‘‘नुसतं जोडून? वरून नुसती दिसेल अशी?’’

‘‘नाही होत, केतकी.’’

तिनं फोन ठेवला नाही. पलीकडून मला तिचं रडणं ऐकू येत राहिलं. शेवटी मीच ठेवला.

जायला नको होतं. पण न जाणंही माझ्याच्यानं झालं नाही. गंगापूर रोडला त्यांची सोसायटी होती, घर तळमजल्यावर. पार्किंगमध्ये माणसं बांबू बांधत होती. आत बायका सिंधूताईंना न्हाऊ घालून नेसवायच्या तयारीत होत्या. कुणीतरी स्कूटरवरून रविवार कारंज्याच्या बाजारात जाऊन एक हिरवी साडी आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीतली. केतकी दारात उंबऱ्यापाशी बसली होती. मांडीवर गाऊन, आणि ती नखानं पदराची शिवण उसवत होती. मला पाहून तिनं मानही वर केली नाही.

गायधनी सर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शाळेतून निवृत्त झालेला, ताठ बसणारा माणूस. मी जवळ जाऊन हात जोडले.

‘‘तुम्ही वैजयंतीताई,’’ ते म्हणाले. ‘‘बसा.’’

बसायला काही नव्हतं. मी उभी राहिले.

‘‘केतकीला वाटतंय, तिच्यामुळे झालं. झालंच तर तिच्यामुळेही झालं. पण मी बोललो नाही तिला. सिंधूनं सांगून ठेवलं होतं, कुणाला बोलायचं नाही म्हणून. तो तुकडा ओटीत घालायला दिलाय मी आत.’’

‘‘सर, मला खरंच...’’

‘‘त्या दिवशी ती घरी आली, तुकडा घेऊन,’’ सर शांतपणे सांगत राहिले. वर्गात सांगावं तसं, माझ्याकडे न बघता. ‘‘म्हणाली, अहो, मी बाहेर बसले होते आणि आत कात्री चालली होती. वीज नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मी म्हटलं, मग उठायचं नाही का? पडदा सारायचा, साडी उचलायची आणि चालू पडायचं. आपली वस्तू आहे. तर म्हणाली, नाही हो, त्या मध्येच थांबल्या होत्या. बराच वेळ थांबल्या होत्या. मला वाटलं, आता येतील साडी घेऊन. म्हणून मी वाट बघत बसले. मग परत कात्री चालू झाली.’’

बांबू बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी सुतळी मागितली. सरांनी पायापाशी पडलेलं बंडल उचलून त्यांना दिलं.

‘‘तरी म्हणे पाणी मागितलं मी,’’ ते म्हणाले. ‘‘म्हटलं, अजून थोडा वेळ देऊन बघू.’’

एवढ्यात आतून एक बाई दाराशी आली. तिच्या हातात ती नवी हिरवी साडी होती, कडेला किमतीचं लेबल लोंबत होतं.

‘‘अहो, कात्री आहे का कुणाकडे?’’ तिनं बाहेरच्या सगळ्यांना विचारलं. ‘‘हे लेबल निघेना. ओढलं तर साडी फाटतीये. घरातली कात्री सापडत नाही.’’

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं किल्ल्यांचा जुडगा चाचपला. माझ्या पर्समध्ये कायम एक लहान कात्री असते, धंद्याची सवय. मी पर्स पोटाशी धरून उभी राहिले.

गायधनी सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वर पाहिलं.

‘‘द्या ना,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्याकडे असेल.’’